वाचकांचे प्रश्न : अरोनियन–आनंद, २०१३, आणि मेरान

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच डावाबद्दल आहेत. जानेवारी २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत, चौथ्या फेरीत, लेव्हॉन अरोनियनविरुद्ध विश्वनाथन आनंदने काळ्या सोंगट्यांनी तेवीस चालींत जिंकलेला हा डाव. आनंद तेव्हा जगज्जेता होता. म्हणून हा पूर्ण अंक त्याच डावाला आणि त्यातल्या ओपनिंगला, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालींना, दिला आहे.

चाली लिहिताना रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचे कॅसलिंग. कंसातलं अक्षर म्हणजे ती सोंगटी ज्या उभ्या पट्टीतून आली ती पट्टी, आणि आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. पट मांडूनच वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचून यातलं निम्मंही हाती लागणार नाही.

प्रश्न : पूर्ण डाव द्याल का? आणि याला कोणी सेमी-स्लाव्ह म्हणतं, कोणी मेरान. नेमकं काय? (सांगली)

उत्तर : दोन्ही बरोबर. काळ्याने सी६ आणि ई६ अशी दोन्ही प्यादी डी५ च्या आधाराला लावली की सेमी-स्लाव्ह. त्यात पांढऱ्याने ई३ आणि उं-डी३ खेळल्यावर काळ्याने सी४ वर मारून लगेच बी५ ढकललं की मेरान. हे नाव उत्तर इटलीतल्या मेरानो गावावरून आलं. तिथे १९२४ च्या स्पर्धेत अकिबा रुबिन्स्टाइनने ग्रुनफेल्डविरुद्ध ही पद्धत वापरली होती. रुबिन्स्टाइनचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

डाव असा :

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. ०-० ०-० १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४+ १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३. पांढऱ्याने डाव सोडला.

प्रश्न : सी४ चं प्यादं पाचव्या चालीलाच मारता येतं. सहाव्या चालीपर्यंत थांबायचं कारण काय? आणि मारून मध्य सोडून दिल्यावर काळ्याकडे उरतं काय? (नाशिक)

उत्तर : काळा थांबतो तो पांढऱ्याचा उंट डी३ वर येईपर्यंत. उंट एफ१ वर असताना मारलं, तर तो एका चालीत सी४ वर येतो. डी३ वर आल्यावर मारलं, तर त्याच घरासाठी त्याला दोन चाली लागतात. शिवाय बी५ बसल्यावर तो तिसऱ्यांदा हलतो. एका उंटाच्या तीन चाली झाल्या आणि तो डी३ वरच परत आला. दरम्यान काळ्याचं बी५ पुढे गेलं आणि बी७ ची जागा उंटासाठी मोकळी झाली. पांढऱ्याला याची पूर्ण कल्पना असते, म्हणूनच तो सहाव्या चालीला व-सी२ किंवा अशीच एखादी वाट पाहणारी चाल शोधतो.

पण कमावलेल्या चालीची किंमत द्यावी लागते. डी५ चं प्यादं गेलं, त्यामुळे पांढऱ्याला ई४ ढकलायला मोकळीक मिळाली. काळ्याची ए७, बी५, सी६ ही प्यादी तिरकी उभी राहिली आणि बी७ चा उंट स्वतःच्याच सी६ वर डोकं आपटत बसला. या सगळ्यावर इलाज एकच, सी५. ही चाल वेळेवर बसली तर बी७ चा उंट थेट जी२ पर्यंत बघतो, सी८ च्या हत्तीला पट्टी मिळते आणि पांढऱ्याचा मध्य फुटतो. ती बसली नाही तर सी६ कायमचं मागे पडतं, सी५ च्या घरात पांढऱ्याचा घोडा ठाण मांडतो आणि काळा चाळीस चाली नुसता बचाव करत राहतो. स्पर्धांत मेरान हरणारे बहुतेक जण इथेच हरतात. ओपनिंगच्या चाली पाठ असतात, पण सी५ एक-दोन चाली उशिरा येतं किंवा येतच नाही.

आठव्या चालीला काळ्यासमोर तीन मुख्य रस्ते आहेत आणि तिन्ही सी५ कडेच जातात. ८...ए६ बी५ ला आधार देऊन लगेच सी५ ची तयारी करते. यात ९. ई४ सी५ १०. ई५ सी×डी४ ११. घो×बी५ असा धुमाकूळ सुरू होतो. २००८ च्या बॉनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंदने क्रॅमनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा डाव काळ्याने याच रस्त्याने जिंकला. तिथे ११...ए×बी५ १२. ई×एफ६ जी×एफ६ १३. ०-० व-बी६ १४. व-ई२ नंतर त्याने १४...उं-बी७ खेळून बी५ चं प्यादं सरळ सोडून दिलं. ८...उं-बी७ मध्ये काळा आधी बी४ ढकलून सी३ चा घोडा हाकलतो आणि मग सी५ खेळतो. या डावातली ८...उं-डी६ सगळ्यांत सरळ वाटते : आधी कॅसलिंग, मग उं-बी७, ह-सी८, आणि शेवटी सी५. ११. ए३ ने पांढऱ्याने बी४ बंद केलं, त्यामुळे काळ्याचा सगळा डाव सी५ वरच आला.

प्रश्न : १२. घो-जी५ ला माझा हात आपोआप एच६ कडे जातो. एच७ वर तीन सोंगट्यांचा मारा असताना सी५? आणि एच७ वर आलेला घोडा मारलाच नाही, ते का? (पुणे)

उत्तर : मारा मोजला आहे तो बरोबर. घोडा, डी३ चा उंट आणि त्यामागे सी२ चा वजीर. पण मारा मोजण्याआधी, घोडा एफ३ वरून उठला म्हणजे काय काय उघडं पडलं, ते मोजायला हवं. एफ३ चा घोडा एच२ राखत होता, डी४ ला आधार देत होता आणि ई५ वर कोणाला येऊ देत नव्हता. तो एच७ चं प्यादं खायला निघाला आणि तिन्ही कामं वाऱ्यावर पडली. पुढच्या चाली पाहा : काळ्याचा घोडा जी४ वर येऊन एच२ वर नेम धरतो, उंट डी४ वर शह देतो, दुसरा घोडा ई५ वर उतरतो. काळ्याचा संपूर्ण हल्ला या तीन घरांतून झाला.

१२...एच६ ही घोडचूक नाही. पण ती घोड्याला हाकलत ई४ वर पाठवते, आणि तिथून तो सी५ आणि डी६ दोन्हींकडे बघतो. म्हणजे ज्या एका चालीसाठी आपण अकरा चाली तयारी केली, तीच अवघड करून ठेवली.

१३...घो×एच७ १४. उं×एच७+ रा-एच८ झालं तर पांढरा उं-ई४ खेळून बी७ चा उंट बदलायला लावतो. काळ्याचा सर्वांत चांगला उंट गेला, राजापुढचं प्यादं गेलं आणि हाती काहीच आलं नाही. त्याऐवजी १३...घो-जी४ ने एच२ वर दोन सोंगट्या रोखल्या. आता पांढऱ्याने १४. घो×एफ८ ने हत्ती खाल्ला तर १४...उं×एच२+ १५. रा-एच१ व-एच४, आणि पुढे उं-जी३+ रा-जी१ व-एच२ मात ही धमकी. १६. जी३ ने अडवताही येत नाही, ती चाल अवैध आहे. जी२ चं प्यादं हललं तर बी७ च्या उंटाचा थेट एच१ च्या राजाला शह बसतो. सी५ ढकललं नसतं तर हा उंट सी६ मागेच असता. म्हणून सर्वांत महत्त्वाची चाल कोणती असं विचारलं, तर पुढच्या सुंदर चाली बाजूला ठेवून आम्ही बारावीवर बोट ठेवू.

एक गोष्ट मात्र पटावर नीट पाहून ठेवा. सी५ ढकलल्यावर बी५ चा आधार जातो आणि ते प्यादं मारता येतं. आनंदने तो धोका डोळे उघडे ठेवून पत्करला. ज्या स्थितीत पांढऱ्याचा घोडा अजून एफ३ वरच आहे, तिथे बी५ चा हिशेब न करता सी५ ढकलाल तर नुसतं प्यादं जाईल.

प्रश्न : १५...उं-सी५ आणि लगेच १६...घो-ई५. दोन सोंगट्या प्याद्यांच्या तोंडात ठेवल्या. पांढऱ्याने मारल्या असत्या तर? (नागपूर)

उत्तर : आधी उंट. १४. एफ४ ने पांढऱ्याने डी६ ते एच२ ही तिरपी बंद केली, म्हणून उंट ए७ ते जी१ या तिरपीवर गेला. १४...सी×डी४ १५. ई×डी४ ने ई३ चं प्यादं आधीच तिथून हललं होतं, त्यामुळे अडसर उरला फक्त डी४ चा. १६. डी×सी५ मारलं तर तो अडसर पांढऱ्यानेच काढला. पुढे १६...घो×सी५ आणि काळ्याच्या वजिरासमोर डी पट्टी पूर्ण उघडी. आता १७. घो×एफ८ ने हत्ती खाल्ला तर १७...घो×डी३, आणि १८. व×डी३ व×डी३ ने पांढऱ्याचा वजीरच जातो. तो घोडा मारलाच नाही, तर व-डी४+ ने हल्ला सुरू राहतो.

घोड्याचं उत्तर अधिक देखणं. १६...घो(डी)-ई५ ला १७. एफ×ई५ मारलं तर १७...व×डी४+ १८. रा-एच१ व-जी१+. वजीर जी१ वर सी५ च्या उंटाच्या आधाराने उभा आहे, म्हणून राजाला तो मारता येत नाही. १९. ह×जी१ घो-एफ२ मात. राजा आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडला. पट मांडला असेल तर इथे ई२ च्या उंटाकडे बघा. तो तिथे नसता तर सी२ चा वजीर दुसऱ्या ओळीतून सरळ येऊन एफ२ चा घोडा मारू शकला असता. १६. उं-ई२ ही चाल जी४ च्या घोड्याला हुसकावण्यासाठी होती, आणि तिनेच स्वतःच्या वजिराची वाट अडवली.

म्हणून अरोनियनने जी४ चा घोडाच मारला. १९. घो×एफ८ नंतर हिशेब मांडला तर पांढरा हत्तीने पुढे, पण एफ८ चा घोडा काळ्याच्या तोंडात. इथे रा×एफ८ घाईने खेळाल तर पांढऱ्याला व-एच७ मिळतं. १९...एफ५ ने सी२ ते एच७ ही तिरपीच बंद झाली, जी४ च्या घोड्याला आधार मिळाला आणि धमकी उभी राहिली : व-एच४, त्यावर एच३ तर व-जी३, त्यावर एच×जी४ तर व-एच४ मात. २०. घो-जी६ ही एच४ चं घर राखण्यासाठीच आहे. काळ्याने व-एफ६ ने तो घोडाही गोळा केला. हत्तीने मागे असताना अशी शांत चाल खेळणं हेच सर्वांत अवघड असतं.

प्रश्न : शेवटच्या स्थितीत पांढऱ्याकडे हलक्या सोंगटीच्या बदल्यात हत्ती आहे, मातही झालेली नाही. डाव सोडला कशासाठी? एच३ च्या प्याद्याने जी४ चा घोडा का नाही मारायचा? (ठाणे)

उत्तर : मारता येत नाही. एच५ च्या वजिरासमोर एच३ चं प्यादं आणि त्यामागे एच१ वर राजा, म्हणजे प्यादं पिन झालं आहे : ते बाजूला हललं तर राजा शहात येतो. जी२ चं प्यादंही बी७ च्या उंटाने पिन केलं आहे. काळ्याची धमकी सरळ आहे : व×एच३ मात. जी२ ने मारता येत नाही आणि जी१ वर उंटाचा मारा.

२३. व-डी३ ने अरोनियनने तिसऱ्या ओळीतून एच३ ला आधार दिला होता. २३...उं-ई३ ने उंट त्या ओळीच्या मधोमध जाऊन बसला आणि आधार तुटला. हाच उंट जी१ ही राखतो. २४. उं×ई३ मारलं तर आता पांढऱ्याच्याच उंटाने ओळ अडवली : २४...व×एच३+ २५. रा-जी१ व-एच२ मात. २४. व×ई३ मारलं तर घो×ई३ ने वजीर गेला.

स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी इथेच एक नियम. घाईत एच×जी४ खेळून घड्याळ दाबलंत तर ती अवैध चाल. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात पहिल्या अवैध चालीला प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली जातात, दुसऱ्या वेळी सर्वसाधारणपणे डाव जातो. त्यातून स्पर्श-नियम (हात लावलेली सोंगटीच खेळायची) सुटत नाही. त्याच प्याद्याची वैध चाल असेल तर तीच खेळावी लागते. इथे एच४ ही एकच वैध चाल आहे, आणि तिलाही लगेच व×एच४ मात.

प्रश्न : या डावाची तुलना रुबिन्स्टाइनच्या एका जुन्या डावाशी करतात. साम्य खरंच आहे की उगाच? (मडगाव)

उत्तर : खरं आहे. डाव रोट्लेवी–रुबिन्स्टाइन, वूच (Łódź, आजचं पोलंड), १९०७. ओपनिंग वेगळं असलं तरी सांगाडा तोच आहे :

१. डी४ डी५ २. घो-एफ३ ई६ ३. ई३ सी५ ४. सी४ घो-सी६ ५. घो-सी३ घो-एफ६ ६. डी×सी५ उं×सी५ ७. ए३ ए६ ८. बी४ उं-डी६ ९. उं-बी२ ०-० १०. व-डी२ व-ई७ ११. उं-डी३ डी×सी४ १२. उं×सी४ बी५ १३. उं-डी३ ह-डी८ १४. व-ई२ उं-बी७ १५. ०-० घो-ई५ १६. घो×ई५ उं×ई५ १७. एफ४ उं-सी७ १८. ई४ ह(ए)-सी८ १९. ई५ उं-बी६+ २०. रा-एच१ घो-जी४ २१. उं-ई४ व-एच४ २२. जी३ ह×सी३ २३. जी×एच४ ह-डी२ २४. व×डी२ उं×ई४+ २५. व-जी२ ह-एच३. पांढऱ्याने डाव सोडला.

पंधराव्या चालीला पांढऱ्याने कॅसलिंग केल्यावर थांबा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, फक्त काळ्याचा हत्ती डी८ वर आलेला आणि चाल काळ्याची. पांढऱ्याचा उंट एफ१, डी३, सी४, डी३ असा फिरला आणि वजिराने ई२ ला यायला दोन चाली घेतल्या. ती कसर इथे दिसते. उंट डी३ वर येईपर्यंत थांबून मगच सी४ वर मारणे, ही मेरानची युक्ती रुबिन्स्टाइनने मेरानच्या सतरा वर्षं आधी या डावात वापरलेली आहे.

आनंदच्या डावातही दोन उंट राजाकडे तोंड करून, घोडा जी४ वर, पांढऱ्याचं प्यादं एफ४ वर आणि राजा एच१ वर. ही मांडणी डोळ्यांत बसलेली असेल तर सोंगट्या कुठे ठेवायच्या ते हाताला कळतं. म्हणून आम्ही म्हणतो, दोन्ही डाव एकाच बैठकीत, एकापाठोपाठ एक खेळून पाहा.

प्रश्न : माझं रेटिंग पंधराशेच्या आसपास आहे. मेरान शिकावं का? शिकायचं तर सुरुवात कुठून? (कोल्हापूर)

उत्तर : जरूर शिका, पण ८...ए६ च्या धुमाकुळापासून सुरुवात करू नका. तिथे वीस-वीस चाली पाठ लागतात आणि एक विसरली तरी डाव जातो. ८...उं-डी६ घ्या. यात ठरलेला आराखडा आहे आणि तो एकाहून अधिक क्रमांना चालतो. पांढऱ्याने ६. व-सी२ खेळून मेरान टाळलं तरी ६...उं-डी६ ७. उं-डी३ ०-० ८. ०-० डी×सी४ ९. उं×सी४ बी५ १०. उं-डी३ उं-बी७ ने हुबेहूब आनंदच्याच डावातली स्थिती येते. मात्र ६. व-सी२ उं-डी६ नंतर ७. जी४ ही चाल तुमच्या गटातही खेळणारे भेटतील, तिचं उत्तर घरून ठरवून जा.

चालींचा क्रम १...डी५ आणि २...सी६ असाच ठेवा. २...ई६ ३. घो-सी३ सी६ ने गेलात तर ४. ई४ हा मार्शल गॅम्बिट (प्यादं देऊन पुढाकार घेण्याची सुरुवात) सोसावा लागतो : ४...डी×ई४ ५. घो×ई४ उं-बी४+ ६. उं-डी२ व×डी४ ७. उं×बी४ व×ई४+. काळ्याला प्यादं मिळतं, पण वजीर मध्ये फिरत राहतो आणि राजा मध्येच अडकतो. ३. घो-एफ३ नंतर हा प्रश्न येत नाही.

पाचव्या चालीला उं-जी५ आली तर मेरान होतच नाही. तिथे ५...डी×सी४ किंवा ५...एच६ चे तीव्र प्रकार आहेत, पण सध्या ५...घो(बी)-डी७ ६. ई३ व-ए५ पुरे. वजिराने सी३ चा घोडा पिन होतो, आणि उं-बी४ आणि घो-ई४ ने त्याच घोड्यावर मारा वाढवता येतो. ३. सी×डी५ सी×डी५ ही बदलाची पद्धतही खूप भेटेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण स्थिती सममित असते, म्हणून कंटाळून प्यादी ढकलत सुटू नका.

सरावासाठी अकरावी चाल झाल्यावरची स्थिती मांडा आणि एखाद्या मित्राला पांढऱ्या सोंगट्या द्या. त्याला १२ व्या चालीला घो-जी५, घो-ई४, उं-डी२, ई४ असं काहीही खेळू द्या. प्रत्येक वेळी संगणक लावण्याआधी वहीत लिहा : आता सी५ बसतं का, बसलं तर बी५ चं काय, आणि नाही बसत तर कोणत्या चालीने ते अडवलं. मग इंजिन लावून ताडून बघा. पांढऱ्याने घो-ई४ खेळल्यावर सी५ चं उत्तर बदलतं. आधी घोडा बदलून घ्यायचा की नाही, ते स्वतः शोधा.